न टाइप केलेल्या कागदाबद्दल

कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंगला बसणारे मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर ‘टायपिंग 120 रु.’ एवढंच लिहिलंय. म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहिते. तुमच्या शेजारचा झेरॉक्सवाला पोरगा दिवसभर मोबाइलमध्येच असतो, तो दाखवील तुम्हाला.

आभार मानायचेत, पण तुम्ही टाइप केलेल्या करारनाम्याचे नाहीत. त्याच्या आधी दीड महिना तुम्ही टाइप करायला साफ नाही म्हणालात, त्याचे.

तुम्हाला त्या दिवशी अर्धीच गोष्ट सांगितली होती, पुरती आज सांगते. 2011 साली पुण्यात एका मॉलमध्ये ह्यांनी लकी ड्रॉचं कूपन भरलं. आठ दिवसांनी फोन आला, बक्षीस लागलंय, दोघांनी जेवायला या. जेवण चांगलं होतं. रात्री दहाला आम्ही सही करून बाहेर पडलो तेव्हा 25 वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप आमच्या गळ्यात होती, किंमत 2,60,000, हप्त्याने. दरवर्षी सात दिवस रिसॉर्टात. सीझनला रंग होते आणि आम्हाला परवडला तो पांढरा. घरी आल्यावर उमगलं की पांढरा म्हणजे शाळा चालू असतानाचा. मी शिक्षिका! मे महिन्यात आणि दिवाळीत आमचा रंग चालत नव्हता आणि चालत होता तेव्हा मला रजा नव्हती. परदेशातल्या रिसॉर्टचे फोटो दाखवले होते, पण त्यासाठी आरसीआयसारख्या अदलाबदलीच्या कंपनीचं वेगळं सभासदत्व लागतं, त्याची फी वेगळी. ती आम्ही कधी भरलीच नाही. चौदा वर्षांत सहा वेळा गेलो. वर्षाची देखभाल फी मात्र न चुकता, करासकट. यंदाची 21,240 झाली.

मी निवृत्त झाले, आता जाऊ म्हटलं तर ह्यांचे गुडघे गेले. मग विकायचं ठरलं.

विकायचं ठरल्याचा वास कुणाला कसा लागतो देव जाणे. एका एजंटचा फोन आला, “तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, साडेतीन लाख. फक्त प्रोसेसिंगचे पैसे आधी भरा.” दहा हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. मी तीस वर्षं गणित शिकवलं, मामा. चौदा वर्षं वापरलेली वस्तू घेतलेल्या भावापेक्षा महाग कशी जाईल, हे मला विचारायला सुचलं नाही. टक्केवारी बरोबर काढली होती त्याने, तेवढ्यावर माझा विश्वास बसला. पैसे गेले, दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

त्यानंतर मी एजंट या शब्दाचाच धसका घेतला. मैत्रिणीच्या ओळखीतून बार्शीचं एक जोडपं मिळालं. त्यांचं कापडाचं दुकान. दिवाळीत आणि लग्नसराईत त्यांना मान वर काढायला फुरसत नाही, मोकळीक मिळते ती पावसाळ्यात. म्हणजे आमचा बिनकामाचा पांढरा सीझन त्यांना मापात बसला. 65,000 ठरले. मधे कुणी नाही, दलाली नाही. एक कागद करायचा आणि पैसे मोजून घ्यायचे, एवढंच बाकी, असं माझ्या डोक्यात.

तो मे महिन्यातला दिवस तुम्हालाही आठवत असेल. अकराच वाजले होते आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. तुम्ही यंत्रावरचा टॉवेल काढून कार्बन लावायला घेतला आणि विचारलंत, काय लिहायचं. मी म्हटलं, विक्रीचा करारनामा, टाइमशेअरचा.

“घर कुठंय?”

“घर नाही. दरवर्षी सात दिवस राहायचा हक्क.”

“सात-बारा? उतारा?”

“काहीच नाही.”

“मग तुम्ही विकताय काय, मॅडम?”

मला उत्तर आलं नाही. मी मेंबरशिप कार्ड पुढे केलं. तुम्ही ते बघितलंसुद्धा नाही. मूळ करार मागितलात. नशीब, फायलीत होता. चौदा वर्षांत आम्ही न वाचलेली ती बारीक अक्षरं तुम्ही दोऱ्याने बांधलेला चष्मा सावरत, स्पंजवर बोट ओलं करत, पान पान उलटून वाचलीत. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मग एका कलमावर बोट ठेवलंत: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय हस्तांतर नाही, थकबाकी असेल तर नाही, ट्रान्सफर फी भरल्याशिवाय नाही. आणि मेंबरशिप दोघांच्या नावावर. “साहेब कुठायत?” म्हणालात. साहेब घरी गुडघ्याला तेल लावत बसले होते.

“हे असं नसतंय बघा मॅडम. माझ्या स्टॅम्पवर लिहून हक्क फिरत नाही, कंपनीच्या वहीत नाव फिरलं पाहिजे. आज मी टाइप करून देतो, माझं काय जातंय? पैसे तुम्ही घ्याल, बिल तुमच्याच नावानं येत राहील, बुकिंगला फोन केला तर ह्यांना कुणी वळखणार नाही. मग ही मंडळी तुमच्या दारात येतील.”

बार्शीच्या भाऊंनी पिशवीची चेन हळूच ओढून घेतली. त्या पिशवीत पासष्ट हजार होते, मामा. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचाच राग आला. आयता व्यवहार मोडला असं वाटलं.

निघताना एजंटची हकीकत ओघात बोलून गेले, तर तुम्ही पहिलं विचारलंत, “1930 ला फोन केला का?” सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या त्या नंबरचं मी तोवर नावही ऐकलं नव्हतं. तीन आठवडे उलटले होते. तुम्ही जीभ चुकचुकवलीत. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येतात म्हणालात. घरी जाऊन तक्रार नोंदवली.

मग तुम्ही सांगितलं तसंच केलं. कंपनीला ईमेल करून लेखी मागवलं: वर्षं किती उरली, न वापरलेले दिवस किती, देणं किती, ट्रान्सफर फी किती. उत्तर आलं ते वाचून मीच चाट पडले. अकरा वर्षं शिल्लक होती आणि मागचे सहा दिवस साठले होते, तेही नव्या नावावर जाणार होते. कागद बार्शीला पाठवला. भाऊंनी आपणहून 65 चे 70 केले. त्या दिवशी तुम्ही टाइप केलं असतंत तर ते सहा दिवस त्यांनाही कळले नसते आणि मलाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही ह्यांना रिक्षात घालून घेऊन आलो. तुम्ही कार्बन लावलात तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. स्टॅम्प पाचशेचा, शंभराचा जमाना 2024 च्या ऑक्टोबरात संपला. टोकन 10,000, उरलेले 60,000 नव्या नावाचं पत्र आल्यावर, दोन्ही बँकेतून, रोख नाही. यंदाची फी आम्ही भरायची, पुढची त्यांनी. ट्रान्सफर फीचे 17,700 निम्मे निम्मे. आणि एक ओळ तुम्ही स्वतःच्या मनाने घातलीत, कंपनीने नाकारलं तर टोकन आठ दिवसांत परत. ती ओळ माझ्या विरुद्ध जाणारी होती. पण तीच वाचून भाऊंच्या बायकोने, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, “आता करा सही,” असं म्हटलं.

पत्र एकोणीस दिवसांनी आलं. साठ हजार त्याच दुपारी जमा.

हिशोब तुमच्या माहितीसाठी, कारण गणिताच्या बाईला राहवत नाही. सत्तर हजारांतून फी गेली, निम्मी ट्रान्सफर फी गेली, तुमचे 120 गेले, हातात 39,790 राहिले. दोन लाख साठ हजारांच्या वस्तूचे. ह्यांना वाईट वाटतं. मला वाटत नाही, कारण अकरा वर्षांची बिलं आता बार्शीला जातील.

पैसे आले त्या दिवशी तुमच्यासाठी चादर घेऊन आले होते, तर म्हणालात, “सोलापुरात सोलापूरवाल्याला चादर देताय व्हय?” आणि परत पिशवीत घातलीत. गुरुवारी पुन्हा येते. ह्या वेळी घरी कुटलेली शेंगाची चटणी आहे, तिला नाही म्हणू नका.

आणि आल्याआल्या विचाराल म्हणून आत्ताच सांगते: 1930 च्या तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. तक्रार क्रमांक पर्समध्ये आहे.

तुमची नम्र,
जुळे सोलापूरच्या बाई