युरियाची सबसिडी दुकानात, शेणखताला मात्र फाईल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नैसर्गिक शेतीच्या योजनांच्या बातम्या येतात त्या मी कापून ठेवते, पण योजनेत उतरल्यावर घरात काय होतं ते कुठे वाचायला मिळत नाही म्हणून आज मीच लिहायला बसले. आमची वऱ्हाडात सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर आणि थोडी पऱ्हाटी. २०२४ च्या खरिपात गावात सेंद्रिय गट झाला त्यात आम्ही दोन एकर टाकले. सातबारा मामंजींच्या नावावर, त्यामुळे यादीत नाव त्यांचं, आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सकाळ-संध्याकाळ जीवामृत ढवळायला मी.

तक्रार जीवामृताबद्दल नाही हे आधी सांगते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या दोन एकरात डवरा धरला की माती हाताला मऊ लागत होती, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या तासातासात दिसत होत्या, शेजारच्या वावरात पाणी तुंबलं तेव्हा आमचं झिरपलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणूनच तर जीव तुटतो.

पण पहिल्या वर्षी काय झालं ते ऐका. एरवी एकरी आठ क्विंटल होणारं सोयाबीन पाचवर आलं. हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर होता, आमचा माल गेला चार हजारांच्या आसपास, म्हणजे घटलेल्या तीन क्विंटलचाच एकरी बारा हजारांचा खड्डा. माल विकायला घेऊन गेलो तेव्हा खरेदीदाराने पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले, मॉइश्चर लावलं आणि भाव सांगितला. ह्यांनी गटाचा कागद पुढे केला तर तो बघितलासुद्धा नाही, सेंद्रिय असो की रासायनिक, पोतं एकाच ढिगावर ओतलं गेलं.

आता सरकारी मदत बघा. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत, ऐकायला बरे वाटतात, पण त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात थेट यायचे ते १५,०००. म्हणजे वर्षाला हेक्टरी पाच हजार, एकरी जेमतेम दोन हजार, तेही निविष्ठांसाठी, म्हणजे बी-खतासारख्या सामानासाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत न्यायचं म्हणतात, त्यात एकरी चार हजार वर्षाला, दोन वर्षं. हे पाऊल चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण खड्डा बाराचा आणि भर दोनची नाहीतर चारची, मग बाकीचं कुठून आणायचं? आमच्याकडे ते बचत गटाच्या कर्जातून आलं.

दुसऱ्या बाजूला युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, अंगठा लावला की मिळते, गट नको, ट्रेनिंग नको, फोटो नको. खतांच्या सबसिडीवर केंद्र वर्षाला दीड लाख कोटींच्या वर खर्च करतं. त्या एका गोणीत साधारण २०-२१ किलो नत्र असतं, तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन शेणखत लागतं, आणि आमच्या गावात एका ट्रॉलीचे चार-साडेचार हजार मोजावे लागतात कारण ढोरं राहिलीत कुणाकडे? शेणखत नत्राशिवाय मातीला सेंद्रिय कर्ब देतं, पाणी धरून ठेवतं, त्याचा हिशेब कुठल्याच सबसिडीत धरत नाहीत. युरिया महाग करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, तसं झालं तर सगळ्यात आधी आम्हीच मरू. पण जी सबसिडी गोणीवर आहे तिचा थोडा तरी वाटा शेणखताच्या ट्रॉलीवर, गोठ्यातल्या जनावरावर का येऊ नये?

पीएम-प्रणाम योजनेत राज्याने रासायनिक खत कमी वापरलं तर वाचलेल्या सबसिडीतला निम्मा वाटा राज्याला मिळतो. खत कमी वापरतो तो शेतकरी, मग त्या पैशातून एकरी किती रुपये कुणाच्या खात्यात गेले ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं पाहिजे ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी वेळेची. आम्हाला निविष्ठांचं किट मिळालं ते पेरणी होऊन सोयाबीन गुडघ्याला लागलं तेव्हा, त्यात बीजप्रक्रियेचं रायझोबियम होतं, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायचं जिवाणू खत. सांगा, उगवलेल्या पिकाच्या बियाण्याला आता काय चोळायचं? पैसे खात्यात द्या आणि मृगाच्या आधी द्या, मे महिन्यात, आमचं आम्ही घेऊ. आणि पहिली तीन वर्षं उत्पन्न घटतं त्याची भरपाई म्हणून द्या, ड्रम आणि टोप्या वाटून नको. बटईने करणारे आणि माझ्यासारख्या बाया, ज्यांच्या नावावर सातबारा नाही पण काम सगळं ज्यांचं, त्यांनाही यादीत घ्यायची काहीतरी सोय करा.

आमच्या गटात सुरुवातीला बावीस घरं होती, आज पाच उरलीत. सोडलेल्यांना मी नावं ठेवत नाही, एकाच्या मुलीचं लग्न होतं, एकाचं पीककर्ज थकलं होतं, तोटा सोसायची ताकद सगळ्यांत सारखी नसते. परवा चुलत दीर म्हणाले, वहिनी, तुमचा तो ड्रम आता रिकामाच राहणार, पाणी भरायला द्या. मी अजून दिलेला नाही.

आपली,
एक शेतकरी वाचक, वऱ्हाड