आधी एसटीचं वेळापत्रक, मग कार्यक्रमपत्रिका

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

बाबा, गावच्या महिला महाविद्यालयाने यंदा पहिल्यांदाच आठवडाभराचं स्नेहसंमेलन घ्यायचं ठरवलं, समितीत तुमचं नाव घातलं आणि आईकडे पाककृतीचं परीक्षण दिलं, हे ऐकून बरं वाटलं. तुम्ही विचारलेलं सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहूनच पाठवते. बैठकीत वाचून दाखवलंत तरी चालेल.

पाहुणे कोण, उद्घाटन कोणाच्या हस्ते, यावर पहिली बैठक घालवू देऊ नका. एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: मुलीचं गाव, सकाळची पहिली गाडी, परतीची शेवटची गाडी. निम्म्याहून जास्त मुली खेड्यांतून एसटीने येणार. शेवटची गाडी सव्वाचारची असेल तर सव्वातीनला मैदान मोकळं झालंच पाहिजे, कारण स्टँडपर्यंत चालत जायला वेळ लागतो आणि गर्दीच्या गाडीत उभं राहायलाही जागा मिळवावी लागते. गाडी चुकली की पोरगी अंधारात अडकते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप तिला कॉलेजात धाडत नाही. एकीची गाडी चुकली तरी त्या गावच्या चौघी घरी बसतात. म्हणून रोजचा कार्यक्रम साडेदहा ते तीन एवढाच धरा. संध्याकाळचं गॅदरिंग, रोषणाई वगैरे शहरातल्या कॉलेजांना शोभतं. ते गावातल्याच मुलींपुरतं होईल, आणि बक्षिसंही त्यांच्यातच वाटली जातील.

तारखांचं म्हणाल तर ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे, तिथून सुरुवात करणं सोयीचं. १२ तारखेच्या अलीकडे आटोपतं घ्या. त्या दिवशी सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणारी गर्दी बुलडाणा-वाशीमकडच्या गाड्यांना चांगलीच जाणवते, आणि लगेच १४-१५ ला संक्रांत. सोयाबीन ऑक्टोबरातच निघून जातं, पण पराटीला कापूस असेपर्यंत वेचणी चालूच राहते आणि जानेवारीत तूरही कापायला येते. मुली वावरात जातात, मजुरी बुडवून सहा दिवस नुसत्या टाळ्या वाजवायला येणार नाहीत. त्यावर एकच उपाय आहे. एका वर्गाचे खेळ, रांगोळी, वक्तृत्व असं सगळं लागोपाठच्या दोन दिवसांत बसवा, म्हणजे पोरीला चार दिवस घरच्या कामाला मोकळे राहतात. पहिल्या फेऱ्या सोमवारी आणि अंतिम सामना शनिवारी ठेवलात तर अंतिम सामन्याला अर्धा संघ गैरहजर असेल.

बाजाराच्या दिवशी कार्यक्रम नको असं कोणीतरी म्हणेलच. माझं मत उलटं आहे. आयांचा मेळावा बाजाराच्या दिवशीच ठेवा, त्या दिवशी त्या गावात येतातच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच भार हलका. मेळावा दुपारी बारा ते एक, बाजार भरात येण्याआधी. आणि हळदीकुंकू करायचं असेल तर येणाऱ्या प्रत्येकीला वाण द्या. विधवा आहे म्हणून एखादी आई मागच्या रांगेत बसून राहिली तर मुलींच्या कॉलेजात मेळावा घेण्यात काय अर्थ? आई, हे तुझ्याकडे. पहिलं वाण तूच तशा एखादीच्या हातात दे, मग कोणी काही बोलणार नाही.

आता मैदान. कबड्डीचं महिलांचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉबीसकट. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा (चढाई करणारीने ओलांडलीच पाहिजे ती), तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. पुष्कळ ठिकाणी पुरुषांचं १३ बाय १० आखून ठेवतात. मग एवढी जागा अडवायला मुलींची साखळी पुरत नाही आणि चढाई करणारीला फुकटचे गुण मिळत जातात. आखताना काटकोन डोळ्यांनी धरू नका. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी १४.४२ मीटर आले तर मैदान काटकोनात, नाहीतर खुंटी सरकवा. खो-खोचं मैदान २७ बाय १६, त्याचा कर्ण ३१.३८ मीटर. इथे तीस मीटरची टेप अपुरी पडते, आणि लोक मग सुतळी लावतात. सुतळी ओढली की वाढते. तेव्हा पन्नास मीटरची टेप मागवा, बांधकामवाल्या कोणाकडेही मिळेल. खो-खोचे खुंट जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर राहायला हवेत. खाली दोन फूट तरी गाडा आणि वरून पॉलिशपेपर मारून घ्या. खुंटाला हात घालून वळताना लाकडाची फास तळव्यात घुसते.

रेषांना फक्कीच, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूडच, वापरायची. कोणी घरचा कळीचा चुना आणून देतो म्हणेल, तो घेऊ नका. अनवाणी पायाला आणि घसरून पडलेल्या कोपराला तो चरचरतो, डोळ्यात गेला तर दवाखानाच. आणि काळ्या मातीवर पाणी मारताना हात आखडता ठेवा. धूळ बसावी म्हणून रात्री टँकरभर पाणी सोडलं तर जानेवारीच्या थंडीत ते सकाळपर्यंत वाळत नाही, चिखल पायाला चिकटतो आणि घोटे मुरगळतात. आदल्या दिवशी दुपारी हलका शिडकावा, संध्याकाळी रोलर, एवढं पुरे. गोखरूचे काटे मात्र हाताने वेचूनच काढावे लागतात. वीस मुली ओळीने बसून पुढे सरकल्या तर कबड्डीचं मैदान अर्ध्या तासात साफ होतं. ते काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलींना द्या, तेवढेच त्यांचे वर्षाच्या १२० तासांतले तास भरतील.

वक्तृत्वाला दोनच सूचना. विषय आठ दिवस आधी द्या, आणि चार मिनिटांच्या भाषणानंतर परीक्षकांनी दोन प्रश्न विचारायचे. घोकून आलेली तिथेच गप्प होते, खरी बोलणारी उजळून निघते. रांगोळीला वारा लागणार नाही असा व्हरांडा बघा, बाकी मुलींना शिकवायची गरज नाही.

या आठवड्यातला सगळ्यात कामाचा दिवस तपासणीचा, आणि तोच नेमका घाईत उरकला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पंधरा दिवस आधी पत्र द्या. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल (आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) दोन्हींची तपासणी मागा. एका मुलीला चार मिनिटं धरली तर एक माणूस तासाला पंधरा मुली करतो. दोघं आले तर चार तासांत एकशेवीस. त्याहून जास्त नावं एका दिवसात घेऊ नका. अठराच्या आतल्या मुली असतील तर पालकांची सही आधीच आणून ठेवा, त्या दिवशी मिळत नाही.

पहाटे सहाला घर सोडलेल्या मुली उपाशीपोटी रांगेत उभ्या राहतात आणि रक्त पाहून कोसळतात. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून आधी पोहे-चहा, मग रांग. थंडीत बोटं गार असतात, थेंब येत नाही, मग बोट पिळलं जातं. पिळलं की रक्तात पेशींच्या अवतीभवतीचं पाणी उतरतं आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कोमट पाण्याची बादली ठेवा, मुलींनी हात बुडवून, नीट पुसून पुढे जायचं. पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यायचा असतो, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असतं, पण रांग वाढली की विसरलं जातं. समितीतलं कोणीतरी तिथे बसलेलं असू द्या.

हिमोग्लोबिनचा आकडा १२ च्या खाली आला तर रक्त कमी, ८ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहाबरोबर घेऊ नका हे प्रत्येकीला सांगा, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर चांगलं लागतं. सिकलसेलच्या मुलीने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करायचं नाही.

सिकलसेलची तिथल्या तिथे होते ती बहुतेक विद्राव्यता चाचणी. ती होकारार्थी आली तर मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते, नमुना पुढे पाठवावा लागतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हीच चाचणी चुकून नकारार्थीही येते. म्हणून त्या दिवशी कोणालाही ‘तुला आहे’ किंवा ‘तुला नाही’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही. आणि बाबा, यादी नोटीस बोर्डावर लावू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर मात्र धोका, प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पण आपल्याकडे एवढं समजून घ्यायला कोणी थांबत नाही, नाव फुटलं की पोरीची सोयरीक मोडते. निकाल बंद पाकिटात, एकेकीला बोलावून, मॅडमनी स्वतः द्यायचा.

आई, आनंद मेळाव्याचं तुला सांगते. स्टॉलमागे पाच मुली, भांडवल हजार रुपयांच्या वर नको. तर्री-पोहे कोणीतरी लावणारच. शंभर प्लेटांना सात किलो जाडे पोहे आणि तर्रीला अडीच-तीन किलो हरभरे लागतात, रात्रीच भिजवलेले. मुली सगळे पोहे एकदम भिजवून पातेल्यात भरून ठेवतात, तासाभरात त्याचा गोळा होतो. एका वेळी दोन किलोच भिजवायचे, संपले की पुढचे. सांबारवड्या (आपला सांबार म्हणजे कोथिंबीर) चांगल्या खपतात, पण पुड्या घरून भरून आणल्या तर सांबाराला पाणी सुटून तळताना फुटतात. सारण घरून कोरडं परतून आणावं, मीठ भरायच्या वेळी घालावं. रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, हट्ट कोणी धरला तर नाही म्हण. गोवऱ्यांचा विस्तव पडायला, रोडगे भाजायला दोन-अडीच तास जातात, धूर मांडवात भरतो आणि स्टॉल सुरू होईतो गिऱ्हाईक गाडीला निघालेलं असतं. शेगड्या मांडवाच्या कापडाखाली अजिबात नकोत. दोन शेगड्यांत दहा फूट अंतर, प्रत्येकीशेजारी रेतीची बादली. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं, हे आदल्या दिवशी करून दाखव.

पैशाचा व्यवहार कूपनांवर ठेवा, पाच आणि दहाची दोन रंगांत. सुट्ट्याची भांडणं मिटतात, आणि फोन नसलेल्या मुलीही मागे राहत नाहीत. हिशेब मात्र त्याच दुपारी. खर्च, जमा, उरलेला माल, एवढं पानभर लिहून दिल्याशिवाय स्टॉलला बक्षीस नाही. चवीला निम्मे गुण दे, निम्मे हिशेबाला. विक्री सगळ्यात जास्त आणि तरी तोटा, असा एक स्टॉल असतोच, कारण घरून आणलेलं तेल आणि गूळ कोणी खर्चात धरलेलं नसतं.

शेवटच्या दिवशीचा गणिताचा भाग तेवढा पाहा. चोवीस कार्यक्रम, प्रत्येकी चार मिनिटं, मधे रंगमंच बदलायला दोन, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं. साडेदहाला पडदा उघडला तर एकला संपतं. पाहुण्यांसाठी थांबू नका, ते आले की दोन गाण्यांच्या मधे स्वागत करा. भाषणं सगळी मिळून अर्धा तास, मग जेवण, दोनला बक्षिसं. नाचाची गाणी दोन दिवस आधी एकाच फोनमध्ये घेऊन तो फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा, नाहीतर लावणीच्या ऐन ठेक्यात कोणाच्या तरी मामाचा फोन वाजतो. माईक शिटी मारतो तो नुसता आवाज वाढवल्यामुळे नव्हे, स्पीकरचे बॉक्स माईकच्या मागे ठेवल्यामुळेही. बिछायतवाल्याला सांगा, बॉक्स रंगमंचाच्या पुढच्या कडेला, तोंड प्रेक्षकांकडे. पोलीस ठाण्यात लाऊडस्पीकरचा अर्ज आठ दिवस आधी.

संडासाचं कोणी बैठकीत काढणार नाही, तुम्ही काढा. रोज तीनशे मुली आवारात असणार. आतून कडी लागते का, पाण्याचा ड्रम दुपारी परत कोण भरणार, झाकणाची कचरापेटी आणि पॅड कुठे ठेवायचे, याची जबाबदारी नाव घालून द्या. सोय नसली की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग कबड्डीत चक्कर येते ती उन्हाने आली असं आपण म्हणतो.

कूपनं छापायची असतील तर मजकूर पाठवा, इथे दोन दिवसांत होतील. टेप मिळाली नाही तर आमच्या क्रीडा विभागाची गाडीवाल्याजवळ देते. आणि बाबा, तुम्ही खुर्चीवर बसूनच देखरेख करा, रोलर ओढायला पोरी आहेत. बीपीची गोळी जेवणाआधी, आई, तू आठवण कर.

तुमची लेक