कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या कोर्टाबाहेर, टॉवेलात गुंडाळलेली काचेची फ्रेम मांडीवर घेऊन बाकावर बसलेली बाई तुम्हाला आठवत असेल. ती मी. फ्रेममध्ये आमच्या कांदा-लसूण चटणीच्या नावाचा ट्रेडमार्क दाखला होता. २०११ साली सासूबाईंनी अर्ज केला तेव्हा आमच्याकडे मिरची कुटायचा एक डंक आणि कामाला दोन बायका, एवढंच होतं. दाखला हातात आला त्या दिवशी त्यांनी तो फ्रेम करून दुकानात देवाशेजारी लावला. त्या आता नाहीत.

जतच्या बाजारात आमचंच नाव घालून, तसल्याच लाल-पिवळ्या पाकिटात दुसऱ्या कुणाची तरी चटणी विकायला आली होती. एक जुनं गिऱ्हाईक पाकीट घेऊन घरी आलं. म्हणालं, "वहिनी, यंदा चटणीला भुशाचा वास येतोय." मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि हातपायच गळाले. वकिलांनी दाखला आणायला सांगितला, म्हणून फ्रेमच उतरवून नेली. ते म्हणाले, हा चालणार नाही, प्रमाणित प्रत लागेल. पुढची केस पुकारली आणि ते आत गेले.

का चालणार नाही, ते तुम्ही सांगितलंत. टाइप करता करता थांबलात, चष्मा पुसलात आणि काचेवर बोट ठेवून सगळ्यात खालची बारीक इंग्रजी ओळ मला मराठीत वाचून दाखवलीत: हा दाखला न्यायालयीन कामासाठी किंवा परदेशात नोंदणी मिळवण्यासाठी वापरायचा नाही. इतकी वर्षं ती ओळ आमच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होती. घरातल्या एकानेही वाचली नव्हती. मग तुम्ही समजावलंत की ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३७ प्रमाणे रजिस्टरमधल्या नोंदीची शिक्का-सहीची प्रत मिळते, आणि ती कोर्टात थेट पुरावा म्हणून चालते, मूळ रजिस्टर आणून दाखवावं लागत नाही. ती प्रत मागायचा टीएम-एम फॉर्म त्याच दुपारी भरून दिलात. मुंबईत फोर्टला पेटंट-ट्रेडमार्कच्या ऑफिसात काढलेल्या नोकरीची सगळी वर्षं तुमच्या बोटांत होती.

त्यानंतर तीन महिने काहीच हललं नाही. रोज सकाळी मुलगा मोबाइलवर अर्जाची स्थिती बघायचा. दर आठवड्याला जतकडून नवीन पाकिटाचा फोटो यायचा. मी चिडून तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मला आधी चहा पाजलात आणि विचारलंत, "रजिस्टरवर पत्ता कुणाचा आहे?" आमच्या जुन्या एजंटचा होता. त्यांनी काम बंद करून वर्षं झाली होती. आमच्या अर्जावर निघालेलं शंकेचं पत्र त्या बंद पत्त्यावर गेलं होतं आणि आम्ही इकडे वाट बघत बसलो होतो. नोंदीवरचं नाव अजून सासूबाईंचंच होतं, तेही तेव्हाच कळलं. पत्ता बदलायचा अर्ज, वारस म्हणून आमचं नाव लावायचा टीएम-पी फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं एका आठवड्यात तुम्ही मार्गी लावलंत.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्या वाट बघण्याच्या दिवसांसाठी. प्रत येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. छापखान्याची २०१२ पासूनची पाकिटांची बिलं, किराणा दुकानदारांच्या पावत्या, अन्न परवाना, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो असं सगळं तारखेप्रमाणे लावून घेतलंत. नोंदणीचा कागद उशिरा आला तरी आपलं नाव वापरून आपल्या मालाच्या नावाखाली दुसरा माल खपवला, हा दावा स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. दावा आपल्या जिल्ह्यातच, जिल्हा न्यायालयात लावता येतो, हेही. वकिलांना तुम्हीच आठवण केलीत की तातडीच्या व्यापारी दाव्यात उरलेले कागद तीस दिवसांत दाखल करण्याची परवानगी मागता येते. त्यांनी ती मागितली आणि मिळाली. दाव्यासोबत ऑनलाइन नोंदीची प्रिंट, टीएम-एमची पावती आणि तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद जोडला: कोणत्या तारखेला काय मागितलं, काय उत्तर आलं. एकाच पानावर, एकही वाईट शब्द न वापरता. पाठपुराव्याची पत्रंही तशीच. दर पंधरा दिवसांनी, तोच अर्ज क्रमांक वर ठळक घालून. मी रागाने काही लिहायला गेले की तुम्ही खोडायचात. "पत्र वाचणाऱ्या माणसाला काम सोपं करून द्या," म्हणायचात.

तुमच्याच टेबलाशी मला तो फवारणी यंत्रवाला मुलगाही भेटला. त्याला पीसीटीतून, म्हणजे एकाच अर्जावर अनेक देशांत पेटंट मागायच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, परदेशात पेटंट मागायचं होतं आणि भारतातल्या पहिल्या अर्जाची प्रमाणित प्रत मिळेना. पहिल्या अर्जापासून १६ महिन्यांत ती पोचायला हवी, म्हणून तो रडकुंडीला आला होता. तुम्ही त्याला सांगितलंत की ३१ जानेवारी २०१८ पासून भारत वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) 'डास' या ऑनलाइन कागद पोचवायच्या व्यवस्थेत आहे, कोड दिला की कागद टपालाने पाठवावा लागत नाही. आणि समजा मुदत हुकलीच, तरी प्रत द्यायची एक संधी दिल्याशिवाय कुठल्याही देशाचं पेटंट ऑफिस प्रायॉरिटी, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेचा हक्क, नाकारू शकत नाही. त्या पोराचा चेहरा उजळलेला मी बघितला. घरी जाताना मलाही हलकं वाटलं.

आमची प्रत दाव्यानंतर चोविसाव्या दिवशी आली. तुमच्याकडे धावत आणली. तुम्ही आधी अभिनंदन केलं नाहीत, बोट ठेवून नाव, मालाचा वर्ग म्हणजे क्लास ३०, अर्जाची तारीख, नूतनीकरणाची नोंद अशी एकेक ओळ तपासलीत. सगळं बरोबर निघाल्यावर म्हणालात, "आता पेढे." पुढच्या तारखेला तूर्तातूर्त मनाई मिळाली. जतच्या बाजारातनं ती पाकिटं गेली. दावा चालू आहे, पण गिऱ्हाईक परत आलंय.

या सगळ्याचे तुम्ही माझ्याकडून पानामागे टायपिंगचे पैसे घेतलेत, बाकी एक रुपया घेतला नाहीत. मी दिलेलं पैशांचं पाकीट तुम्ही परत माझ्या पिशवीत टाकलंत, ते मला घरी गेल्यावर सापडलं.

फ्रेम पुन्हा देवाशेजारी लावली आहे. तुमच्या हस्ताक्षरातल्या त्या कागदाची झेरॉक्स तिच्या मागे ठेवली आहे. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची आली की डंक सुरू होईल. पहिल्या घाण्याची चटणी तुमच्यासाठी काढून ठेवते. तिखट किती चालतं, तेवढं कळवा.

तुमची,
फ्रेमवाली वहिनी