डोळ्यांतलं पाणी राहू द्या, मूत्राशयाचं बोला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अपंग कुत्र्यांवरचा लेख वाचला. हेतू चांगला, छपाईही सुरेख. चाकाच्या गाडीतल्या कुत्र्याचा अर्धं पान फोटो आणि ते पाहून डोळ्यांत पाणी आल्याची लेखिकेची कबुली. त्या कुत्र्याच्या मूत्राशयातल्या पाण्याचं काय करायचं, याबद्दल मात्र अख्ख्या लेखात चकार शब्द नाही!

गाडीखाली येऊन मणका मोडलेल्या, मागचे पाय गेलेल्या बहुतेक कुत्र्यांना स्वतःहून लघवी करता येत नाही. ती हाताने दाबून काढावी लागते. दर सहा ते आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, आणि त्यात घरातलं लग्नकार्य, गणपती असली सवलत नाही. कुत्र्याला कुशीवर निजवायचं किंवा आधार देऊन उभं करायचं. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या थोडे पुढे ठेवले की भरलेलं मूत्राशय गोल, ताणलेलं असं हाताला लागतं. बोटं रुतवायची नाहीत. तळव्यांनी सावकाश दाब वाढवत शेपटीकडे न्यायचा आणि धार संपेपर्यंत तसाच धरायचा. थेंबही येत नसेल तर जोर करू नये, मूत्राशय फाटू शकतं. काहींचा मूत्रमार्गाचा स्नायू आवळलेलाच राहतो. त्याला औषध लागतं, ताकद नव्हे. हे लेख वाचून जमत नाही (माझं पत्र वाचूनही जमणार नाही). डॉक्टरांसमोर, त्याच कुत्र्यावर, स्वतःच्या हाताने शिकावं लागतं.

आता नेहमीचं उत्तर येईल : ‘त्याची लघवी गळतेच की, डायपर लावला की झालं.’ इथेच सगळा घोळ होतो. गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा ती रिकामी होत नसते, तसंच हे. आत तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. कमरेखाली संवेदना नसल्याने कुत्रं कण्हतही नाही. उग्र वास, गढूळपणा, रक्त, ताप किंवा अचानक सुटलेलं खाणं, एवढ्याच खुणा. त्या दिसल्या की लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत याची तपासणी) करून मगच अँटिबायोटिक. मागच्या वेळची उरलेली गोळी नको.

डायपर लावाच, लहान बाळाचा उलटा घालून शेपटीला भोक पाडलं तरी चालतो. पण काढल्यावर कातडी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. बाळाचं झिंकवालं मलम लावू नका, चाटलं तर विषबाधा होते. पावसाळ्यात ओल्या, घाण केसांवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. म्हणून मागच्या भागाचे केस बारीक कापलेलेच बरे. खाली जाड फोम, त्याला रेक्झिनचं कव्हर, वर सुती चादर, आणि दर चार तासांनी कूस बदलायची. नाहीतर कमरेच्या हाडावर आधी लालसर डाग आणि मग खड्डा पडतो. तो भरायला महिने जातात.

राहता राहिला तुमचा तो फोटो. त्यात चाकं कमरेच्या बरीच मागे बसवली आहेत, त्यामुळे सगळा भार पुढच्या खांद्यांवर आलाय. कुत्र्याची मान खाली गेली आहे ती नम्रतेने नव्हे! चाकाचा आस कमरेच्या सांध्याखाली हवा आणि पाठ जमिनीला समांतर. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच गाडी लावावी, उतरवल्यावर जांघेत पट्टा घासलाय का ते पाहावं. गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे त्यात अडकवून ऑफिसला निघून जाणं हा छळ आहे.

आंधळं किंवा तीन पायांचं कुत्रं त्या मानाने फार सोपं. एकाच्या घरातलं फर्निचर हलवू नका, दुसऱ्याचं वजन वाढू देऊ नका. पहिल्यांदाच अपंग कुत्रं दत्तक घेणाऱ्याला लेखाने हा पर्याय सुचवायला हवा होता. लुळ्या कुत्र्याचा हट्टच असेल तर आधी दोन आठवडे सांभाळायला न्या, मग कागदांवर सही करा. नेताना लघवी कितीदा आणि कशी काढतात, शी कधी होते, एक्स-रे, रेबीजची लस, चालू औषधं हे सगळं लिहून घ्या. फीटची गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करता येत नाही, हेही विचारून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेलं भटकं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. हौस फिटली की गल्लीत सोडून द्यायची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

जाता जाता : त्याच पानाच्या तळाशी ‘घरगुती उपाय’ या चौकटीत अळ्या पडलेल्या जखमेत फिनेल ओतायचा सल्ला छापला आहे. फिनेलने उघडं मांस भाजतं, आणि मांजराला तर ते विषच, कारण फिनेलमधली फिनॉलसारखी रसायनं तिच्या यकृताला पचवता येत नाहीत. या चौकटीचा खुलासा उद्याच्याच अंकात छापावा, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये.

आपली,
एक वाचक, डोंबिवली