फॉलोअर किती, यापेक्षा कुठले?

मा. संपादक,

चतुर्थी जवळ आली, की घरगुती नेवऱ्या, खाजे आणि कोकम सरबत विकणाऱ्या आमच्या फोंड्यातील महिलांना इन्स्टाग्रामवर 'एवढे पैसे द्या, तुमच्या मालाची रील करतो' असे संदेश येऊ लागतात. गेल्या वर्षी माझ्या वहिनींनी अशा एकाला आगाऊ रक्कम दिली. रील झाली, व्ह्यूजही भरपूर दिसले, पण एकही ऑर्डर आली नाही, कारण त्याचे बहुतेक फॉलोअर गोव्याबाहेरचे निघाले, आणि नेवऱ्या काही तिथवर जायच्या नव्हत्या. म्हणून फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत, हे दाखवणारी 'इन्साइट्स'ची माहिती त्याच्याच फोनवर, आपल्यासमोर उघडायला सांगावी. स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये. तो बदलता येतो.

याहून बोलकी खूण म्हणजे 'जाहिरात असे लिहायला नको, लोकांचा विश्वास बसत नाही' हा रील करणाऱ्यांचा आग्रह. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्टपणे जाहीर करावी लागते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकालाच नव्हे, तर शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे लपवाछपवीचा हा सल्ला (तोही आपल्याच पैशांनी) विक्रेत्या महिलांना अडचणीत आणणारा आहे. निम्मी रक्कम काम झाल्यावर देण्याचे लेखी ठरवायला जो तयार नसेल, त्याच्याशी यंदा आमच्या वहिनी बोलणीच करणार नाहीत.

– एक वाचक, फोंडा