आयोडीन आधी की टेल्युरिअम? बाईंना पत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

परवा निकाल लागला. रसायनशास्त्रात गुण चांगले पडले, पण हे पत्र गुणांसाठी नाही. एका प्रश्नासाठी आहे.

आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, आधी ज्यांनी शिकवली, त्यांनी ती पाढ्यांसारखी घोकून घेतली. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलिव्हने मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, असं फळ्यावर लिहिलं होतं. मग १२७.६ चं टेल्युरिअम आधी आणि १२६.९ चं आयोडीन नंतर कसं? विचारलं, तर उत्तर आलं, "जास्त शहाणपणा नको, आहे तसं पाठ कर." वर्ग हसला. पुढे वर्षभर मी हात वर केला नाही.

तोच प्रश्न तुम्हाला विचारताना तोंडातून शब्द फुटत नव्हता. तुम्ही खडू खाली ठेवलात, पर्समधून छोटी वही काढलीत आणि माझा प्रश्न माझ्याच शब्दांत लिहून घेतलात. म्हणालात, "योग्य ठिकाणी अडलीस. उद्या नीट वाचून येते, मग बोलू." बाई, निळ्या शाईतली ती ओळ अजून डोळ्यांसमोर आहे. माझं बोलणं कुणी लिहून ठेवावं इतकं मोलाचं असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच वाचून आलात. १८६९ साली ६३ मूलद्रव्यं घेऊन बसलेला मेंडेलिव्हही इथेच अडला होता! वस्तुमानाचं ऐकावं तर आयोडीन ऑक्सिजन आणि गंधकाच्या रांगेत जातं. पण त्याचं वागणं क्लोरीन-ब्रोमीनचं, सोडिअमशी एकास एक जोडी जमवणारं. मेंडेलिव्हने गुणधर्मांचं ऐकलं आणि टेल्युरिअमचं वस्तुमानच मोजायला चुकलं असावं असं धरलं. ते चुकलं नव्हतं. १९१३ मध्ये मोझली या इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या आधारे अणुअंकाचं, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येचं, महत्त्व दाखवलं, तेव्हा कोडं सुटलं. क्रम वस्तुमानाने नाही, अणुअंकाने लागतो: टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू, तरी तिघं एकाच गणात, म्हणजे सारणीच्या एकाच उभ्या रकान्यात, कारण बाहेरच्या कवचात प्रत्येकाचे सातच इलेक्ट्रॉन. त्या दिवशी मला सारणीत रकाने नाही, घराणी दिसली.

"मला बघून सांगावं लागेल" असं विद्यार्थ्यासमोर म्हणायला मन मोठं लागतं. तशी माणसं फार थोडी भेटली, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

ती वही जपून ठेवा, बाई. मला एकदा ते पान पाहायचंय.

तुमची विद्यार्थिनी