कुंभार्ली घाट उतरताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

यंदा गणपतीला स्वतःच्या गाडीने चिपळूणला येतेयस, हे आईने आख्ख्या आळीत सांगून झालं. मलाही आनंद झाला, पण फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर कुंभार्ली घाट उभा राहिला. फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

गाडी जुनी घेतली आहेस, तेव्हा आधी टायर बघ. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की नक्षी १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तीच शेवटची मर्यादा. पावसात मात्र तिथपर्यंत जाऊच देऊ नकोस. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतूनच बाहेर पडतं. त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. असं झालंच तर ब्रेक दाबू नकोस. स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढ. वायपरची रबरंही बदलून घे.

पहाटे निघ, म्हणजे उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर करत घाटमाथ्यावर उजेडात पोचशील.

आता जे सांगतोय ते कधी सांगितलं नव्हतं. तू तिसरीत होतीस. कराडहून किराणा भरून मी टेम्पो घेऊन येत होतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली आणि नुसत्या ब्रेकवर उतरवत राहिलो. पाच-सहा वळणं गेली असतील. आधी जळका वास आला. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते लोण्यात रुतल्यासारखं खाली गेलं, गाडी काही थांबेना. डावीकडे डोंगर होता म्हणून मी आहे. गाडी गटारात घातली, बाजू दरडीला घासत घासत थांबली. क्लीनरने चाकापुढे दगड टाकला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. माझेही. घरी मी पंक्चर झालं म्हणून सांगितलं.

म्हणून सांगतो, जो घाट दुसऱ्या गिअरवर चढतो तो दुसऱ्यावरच उतरायचा. गाडी इंजिननेच धरलेली राहते. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा आणि सोडायचा, पाय त्यावर ठेवून बसायचं नाही. न्यूट्रल तर कधीच नाही. कुठे अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे, त्यांना थांबून पुन्हा उचलणं जड जातं.

धुक्यात लाईट डिपरवर ठेव. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. हल्ली चारी इंडिकेटर लावून चालायची पद्धत पडली आहे, ती उचलू नकोस. तू वळतेयस की थांबलीयस, हे मागच्याला कळत नाही. आतून काचेवर वाफ धरली तर एसी लावून वारा काचेवर सोड, फडक्याने पुसत बसू नकोस. आणि वेग! ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढा रस्ता संपतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा धरतो तो वेगळाच.

रस्त्यावरून पऱ्याचं पाणी वाहत असेल तर थांब. पुढची गाडी गेली म्हणून तू जायचं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा कुलूप लावून ठेवलेल्या गाड्या होड्यांसारख्या तरंगताना मी माळ्यावरून बघितल्या. फूटभर वाहत्या पाण्यातही लहान गाडी रस्ता सोडते. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी फिरवू नकोस, आत पाणी ओढलं जाऊन इंजिन फुटतं. गाडी राहू दे तिथेच, तू बाहेर ये.

उशीर झाला तर होऊ दे. पूजा दुपारी करू, भटजींशी मी बोलून ठेवलंय. धुकं फार वाटलं तर कोयनानगरलाच राहा आणि दुसऱ्या दिवशी ये.

घाटाला लागण्याआधी कोयनानगरला चहा घे आणि मला फोन कर. मी स्कूटर घेऊन पोफळीला येऊन उभा राहतो. तिथून घरापर्यंत माझ्या मागोमाग ये.

तुझा,
बाबा